पार गेलेली गोळी

"पाव्हणं, ही घ्या या हातात," आबा म्हणाले, "आणि ही त्या हातात. आता सांगा, फरक काय?"

कोल्हापुरातल्या बंदुका-काडतुसांच्या एका जुन्या दुकानात आम्ही उभे होतो. खरं तर लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो. साड्या घेऊन झाल्या, आणि परत निघायच्या आधी आबा या दुकानात शिरले. त्यांच्यामागून जयसिंग, आणि जयसिंगांच्या मागून पदर सावरत मी. सदुसष्ट साल. मी ट्रेनिंग पुरं करून आमच्याच गावच्या शाळेत लागले होते, आणि जयसिंग सरनोबत माझे होणारे यजमान होते. सरनोबतांचं घराणं मोठं. आजऱ्याच्या बाजूला डोंगराखालची निम्मी जमीन त्यांची. माझे आबा, कृष्णाजी रेडेकर, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. हे स्थळ आपण होऊन चालत आलं तेव्हा आबांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

जयसिंगांनी दोन्ही काडतुसं उजेडात धरून पाहिली. पितळी नळकांडं दोन्हींचं सारखंच. एकाच्या गोळीला शेंड्यापर्यंत तांब्याचं कवच होतं. दुसरीचं कवच शेंड्याच्या अलीकडेच संपत होतं आणि पुढे करड्या शिशाचं बोथट टोक उघडं दिसत होतं.

"हिचं टोक उघडं आहे," ते म्हणाले.

"ती मऊ. जनावराच्या अंगात शिरली की टोक पसरतंय, अळंबीगत. सगळा जोर आतच खर्च होतोय. जनावर जाग्याला बसतंय. आणि ही कडक. ही पसरत न्हाई. या अंगानं शिरली की त्या अंगानं भाईर. जनावर मरतंय, न्हाई असं न्हाई. पण कुठंतरी लांब जाळीत जाऊन, तडफडून."

"पण मामा, आमचे काका म्हणतात मऊ गोळीनं मांस फार नासतं. आणि डुकराची खांद्याची कातडी म्हणजे ढालच. कडक गोळी हवी म्हणतात."

"गवा असंल, हत्ती असंल, तर कडक. डुक्कर, चितळ, भेकर, असल्या मधल्या अंगाच्या जनावराला मऊच. मांस नासू दे की थोडं. आपण काय उपाशी हाय?" आबा हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि दुसरं सांगतो. हाक्यात जनावर आपल्याकडं का येतंय? मागनं माणसं हाकलतात म्हणून. म्हणजे जनावराच्या पाठीमागं कोण असतंय? माणसंच. भाईर पडलेली गोळी कुठं थांबायची, हे तुमच्या-माझ्या हातात न्हाई."

दुकानाचे म्हातारे बोहरी मालक चष्म्यावरून पाहत होते. "हवालदारसाब बरोबर बोलतात," ते म्हणाले. "मी दोन्ही विकतो. पण हाक्याला मऊच द्या म्हणतो."

जयसिंगांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची लेक कान देऊन ऐकतेय सगळं."

"तिला काय ऐकायचंय? तोंडपाठ हाय तिला. बंदुकीतलं हिच्याइतकं आमच्या तालुक्यात कुणाला कळत न्हाई, सांगून ठेवतो!" आबा इतक्या मोठ्यानं म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही काय होणाऱ्या जावयापुढे सांगायची गोष्ट?

जयसिंग मोकळेपणानं हसले आणि त्यांनी मऊ गोळ्यांचा डबा घेतला. मला त्या वेळी ते फार आवडले. थोरामोठ्यांच्या घरातला मुलगा, पण वडीलधाऱ्याचं ऐकतो, असं वाटलं.

आई मी लहान असतानाच गेली होती. आबांनी मला एकट्यानं वाढवलं. त्यांना पोरीचं काय काय शिकवायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून जे माहीत होतं ते त्यांनी शिकवलं. नळीतून चिंधी कशी ओढायची, खांदा कसा लावायचा, श्वास कुठे धरायचा. पिकाच्या राखणीसाठी आबांना रायफलीचा परवाना होता. भात पिकायला लागलं की डोंगरातून डुकरं उतरायची आणि एका रात्रीत वावराचं डबकं करून ठेवायची. आसपासच्या वाड्या तेव्हा आबांना बोलवायच्या. जोडीला कायम सिदू कोकरे. सिदूमामा जातीनं धनगर, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला त्याचं घर. जनावर कुठून उठेल, कुठल्या ओढ्यानं उतरेल, हे तो ओल्या मातीकडे बघून सांगायचा. आबांनी बार टाकायचा आणि सिदूमामानं हाका घालायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दोघांत बोलणं फारसं नसायचं. शेजारी बसून तंबाखू मळायचे, झालं.

त्या वर्षी डुकरांनी कहर केला होता. लग्न तोंडावर आलेलं. सरनोबतांकडून निरोप आला की दादासाहेब स्वतः येतायत, जयसिंगही येतायत, एक हाका होऊन जाऊ दे. दादासाहेब म्हणजे जयसिंगांचे वडील. व्याही आपण होऊन शिकारीला येतायत म्हटल्यावर आबांनी अंगण शेणानं सारवून घेतलं, घोंगड्या झाडून टाकल्या.

सकाळी सगळे अंगणात जमले. मी चहा घेऊन बाहेर गेले. जयसिंग खाकी कपड्यात, कमरेला नवा कातडी पट्टा. पट्ट्यात काडतुसं ओळीनं खोचलेली. कप त्यांच्या हातात देताना माझी नजर पट्ट्यावर गेली. शेंड्यापर्यंत तांबं होतं. एकीचंही टोक उघडं नव्हतं.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. ते उठून जयसिंगांजवळ आले.

"पाव्हणं, मऊ घेतली व्हती न्हवं आपण?"

"बदलून आणली, मामा. काकांनी फारच मनावर घेतलं." जयसिंग हसले. "दुकानात तुमचं ऐकलं, आता शिकारीत माझं ऐका की."

बाजूला दादासाहेब खुर्चीत बसले होते. "काय झालं, हवालदार?" त्यांनी विचारलं.

आबांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. माझ्या लहानपणी एका मामलेदाराला आबांनी याच अंगणातून परत पाठवलं होतं, दारू पिऊन शिकारीला आला म्हणून. मला वाटलं, आता म्हणतील, हाका आज होणार नाही. पण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"काही न्हाई, दादासाहेब. चहा घ्या."

निघताना सिदूमामा माझ्याजवळ थांबला. "पोरी, तुझ्या लगनात आमचा ढोल वाजणार बघ. बामणाच्या मंगलाष्टकाच्या आधी," असं म्हणून तो हाकेकऱ्यांच्या पुढे होऊन डोंगराकडे गेला. तो फार चांगल्या मनःस्थितीत होता.

मी भाकऱ्या थापत होते तेव्हा बार ऐकू आले. एक, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा. दुसरा आबांचा, मला कळलं. आबा घाई करत नसत. मग नेहमीसारखी आरोळी ऐकू यायला हवी होती. शिकार पडली की सिदूमामा अशी आरोळी द्यायचा की खाली गावातली कुत्री भुंकायला लागायची. मी तवा उतरवून बाहेर आले. कुत्री गप्प होती.

त्यांनी त्याला त्याच्याच घोंगडीत घालून आणलं. चार माणसं चार टोकांना. मागून आबा येत होते, आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर बंदुका होत्या, स्वतःची आणि जयसिंगांची. जयसिंग कुठे दिसले नाहीत. दादासाहेबांनी त्यांना जीप घेऊन वर्दी द्यायला तालुक्याला पाठवलं होतं.

आबा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग असा उरलाच नव्हता.

"माझ्या हातनं झालं," ते म्हणाले. "माझी गोळी डुकरातनं पार गेली. सिदू मागं व्हता."

सिदूमामाची बायको बायना डोंगरावरून धावत आली. तिनं घोंगडी बाजूला केली, त्याच्या छातीवरचा अंगरखा फाडला, आणि मग आवाज न करता मागे बसली. जखम मी पाहिली. रक्त बोटभरही वाहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आबांची गोळी पार जात नाही. माझ्या आठवणीत आबांची गोळी जनावरातून पार गेलेली नव्हती. मी कितीतरी डुकरं कापताना पाहिली होती. दर वेळी पलीकडच्या कातड्याखाली ती सापडायची, पसरलेली, चपटी. लहानपणी मी त्या गोळा करून सागरगोट्यांसारख्या खेळायचे.

हाकेकऱ्यांनी डुक्करही ओढत आणलं होतं. फौजदारांना दाखवायला लागेल म्हणून गोठ्याच्या मागे टाकलं होतं. मी तिकडे गेले. मोठा सुळेवाला नर होता. पोटाच्या मागच्या बाजूला एक भोक, आणि त्याच्याच रेषेत पलीकडे दुसरं तेवढंच भोक. ही गोळी पार गेली होती. ती लागल्यावरही डुक्कर पळत राहिलं असणार, म्हणूनच दुसरा बार लागला. तो दुसरा खांद्यामागे, जिथे आबा मारायचे नेमका तिथे. त्याला पलीकडे भोक नव्हतं.

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. पलीकडच्या खांद्याची कातडी चाचपली. एका जागी टेंगूळ लागलं. तिथे चीर दिली आणि दोन बोटांनी ती बाहेर काढली. अजून कोमट होती. शिसं चारी बाजूंनी उमलून मागे वळलं होतं. आबांची एकच गोळी, आणि ती अख्खीच्या अख्खी डुकराच्या अंगात होती. आबांच्या हातून माणूस मेला नव्हता.

मला काय झालं असेल याचा अंदाज करा. सिदूमामा अंगणात मरून पडला होता, आणि मला रडू यायच्याऐवजी हुंदका आला तो सुटल्याचा. आबांचा काही दोष नाही, आणि त्याचा पुरावा माझ्या मुठीत आहे.

फौजदार आले तेव्हा दुपार कलली होती. वयस्क, शांत माणूस होता. दादासाहेबांसाठी आणि त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या. हाकेकरी भिंतीला टेकून बसले. जयसिंग जीपजवळच उभे राहिले. बायना सिदूमामाच्या डोक्याशी होती.

"दोन बार झाले म्हणतात," फौजदार म्हणाले.

"दोन्ही माझे," आबा म्हणाले. "पाव्हणे वरच्या खिंडीत व्हते. त्यांनी बार टाकलाच न्हाई."

फौजदारांनी हाकेकऱ्यांकडे पाहिलं. कोणी मान वर केली नाही. सगळे सरनोबतांच्या जमिनी कसणारे. आणि हवालदार स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर त्यांनी मध्ये पडायचं काय कारण?

मी पुढे झाले. भरल्या अंगणात, सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर पडलेला, हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेला.

"साहेब, आबांनी एकच बार टाकला," मी म्हणाले आणि मूठ उघडली. "ही त्यांची गोळी. मी आता डुकरातनं काढली. ही मऊ गोळी आहे, पसरते, आतच राहते. पार गेली ती कडक गोळी. आबा कडक गोळी वापरत नाहीत. कडक गोळ्या कुणाच्या पट्ट्यात होत्या ते विचारा."

फौजदार खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी माझ्या तळहातावरची गोळी पाहिली, मग जीपकडे पाहिलं, मग आबांकडे.

"हवालदार, ही काय म्हणतेय?"

आबा उठले. माझ्यासमोर आले. वाटलं, आता खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी माझ्या तळहातावरून गोळी उचलली आणि आपल्या खिशात टाकली.

"हा एक बार आत ऱ्हायला, दुसरा पार गेला. मऊ गोळीबी कधीमधी पार जाते, साहेब. पोर हाय ती." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिला बंदुकीतलं काय कळतंय? बाईमाणूस. बापाला वाचवाय बघतीया."

भिंतीला टेकलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी मला नेम धरताना पाहिलेलं होतं. एकजणही बोलला नाही. फौजदारांनी सुस्कारा टाकला आणि आबांचा जबाब लिहायला घेतला.

सदरा बदलायला आबा आत आले तेव्हा मी माजघराचं दार लावून घेतलं.

"का, आबा?"

"दादासाहेबांनी डोईचा पटका काढून माझ्या पायावर ठेवला, शालन. रानात. सिदू अजून गार झाला न्हवता." ते सदऱ्याच्या गुंड्या लावत होते. "जयसिंग तर उलट्या करत व्हता. दादासाहेब म्हणाले, माझ्या पोराचं आणि तुमच्या पोरीचं, दोघांचं आयुष्य तुमच्या हातात हाय."

"आणि सिदूमामा?"

"मीच मारला त्याला. पट्ट्यातल्या गोळ्या मी बघितल्या व्हत्या. हाका मोडायला पाहिजे व्हता. मोडला न्हाई. मुलीचा बाप झालो. मग गोळी कुणाच्या बंदुकीतनं सुटली, त्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडतो, आबा. मला पडतो."

"तू आता सरनोबतांची सून. आम्ही आमचं बघू." ते दाराकडे वळले. "तुरुंगात मला भेटाय येऊ नको. त्या घरच्या सुनेनं तिथं उभं ऱ्हाणं बरं दिसत न्हाई."

ते फौजदारांच्या गाडीत बसून गेले. सिदूमामाचं प्रेत तालुक्याच्या दवाखान्यात गेलं.

सगळं उरकून माणसं पांगल्यावर मी बायनाकडे गेले. ती दारात बसली होती. पुढे चूल थंडगार. मी तिला सगळं सांगितलं. गोळ्यांचा फरक, डुकरातली भोकं, दादासाहेबांचा पटका. मला वाटलं, निदान हिला तरी बरं वाटेल की आबांच्या हातून झालं नाही.

"म्हंजी तुझ्या बापाला ठाव हाय कुणी मारलं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आन् सांगत न्हाई."

तिनं चुलीतली राख काडीनं उकरली.

"चुकून मारला असता तर मी त्याला पदरात घेतला असता, शालन. दोघं भावागत व्हती. पर आता?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझ्या मेलेल्या माणसापरीस तुझ्या बापाला जावई मोठा झाला. तू घरी जा."

त्याच आठवड्यात जयसिंग आले. एकटेच. अंगणात पाय ठेवायला घाबरत होते, म्हणून मीच बाहेर गेले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो माणूस दुष्ट नव्हता. हे मी तेव्हाही जाणत होते आणि आजही म्हणते.

"मी मामांना तसं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "देवाशपथ. ते आपण होऊन म्हणाले. मी शुद्धीवरच नव्हतो."

"आता आहात ना शुद्धीवर? फौजदारांकडे जाऊ या. मी येते तुमच्याबरोबर."

"आता कसं? जबाब झालाय. दादासाहेब... मीही खोटा जबाब दिलाय... सगळंच..." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "शालन, मी तुम्हाला फुलासारखं ठेवीन. मामांना मोठा वकील देऊ. शिक्षा झालीच तर थोडकी. बाहेर आले की आमच्याकडेच राहतील, राजासारखे."

"तुम्ही खरं सांगा. मग शिक्षा झाली तरी मी तुमची वाट बघेन. कितीही वर्षं."

हे मी मनापासून म्हटलं होतं. त्या क्षणी ते हो म्हणाले असते तर मी खरंच थांबले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना हे समजतच नाही. मी काहीतरी परक्या भाषेत बोलावं तसे ते पाहत होते.

"तसं नका म्हणू," ते म्हणाले.

"मग लग्न नाही," मी म्हणाले.

बस्त्यातल्या साड्या मी त्यांच्या जीपमध्ये नेऊन ठेवल्या. गावात कर्णोपकर्णी झालं की बापाच्या धक्क्यानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. सरनोबतांनीही तेच पसरू दिलं. त्यांच्या सोयीचंच होतं.

आबांनी कोर्टात वकील घ्यायला नकार दिला. गुन्हा कबूल. शिक्षा वर्षाची. परवाना गेला, रायफल जप्त झाली. निकालाच्या दिवशी मी कोर्टात होते, बायनाही होती. आबांनी साऱ्या वेळात आमच्या बाजूला मान वळवली नाही.

लग्न मोडल्याचं त्यांना सांगायचं होतं. कोल्हापूरला तुरुंगाच्या दाराशी मी गेलेही. आत चिठ्ठी पाठवून बराच वेळ उभी राहिले. शिपाई परत आला आणि म्हणाला, "ते भेटणार नाहीत. म्हणाले, पोरीला सांगा, सासरी जा." लग्नच झालं नाही हे शिपायाच्या तोंडून त्यांना कळावं असं मला वाटेना. मी एसटीत बसले आणि परत आले. पुन्हा गेले तेव्हाही तसंच. मग मी जायचं सोडलं. शाळा होती, शेत होतं. बाहेर आले की समोरासमोर सांगू म्हटलं.

ते सुटायचा दिवस मला माहीत होता. मी घर आवरलं, पाणी तापवून ठेवलं आणि एसटीच्या वेळेला दारात उभी राहिले. एसटी आली, गेली. आबा आले नाहीत. दिवस मावळायला आला तेव्हा ते सरनोबतांच्या गावाकडच्या रस्त्यानं चालत येताना दिसले. अर्धे झाले होते. हातात एक पिशवी होती.

ते तुरुंगातून सुटून थेट सरनोबतांच्या बंगल्यावर गेले होते. लेकीला भेटायला. सोप्यावर बसले. आतून डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी तांब्या घेऊन आली. आबा उठून उभे राहिले. मुलीनं पाणी दिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

हे त्यांनी मला अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. आत यायला तयार नव्हते.

"दादासाहेब भाईर आलेच न्हाईत. गडी म्हणाला, धाकट्या वैनी हायत, कागलच्या. सुगीत लगीन झालं." त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. तिच्यातून खण आणि नारळ बाहेर डोकावत होते. "तू मोडलंस?"

"हो."

"का?"

"तुम्हाला सांगायला दोनदा आले होते, आबा."

"का मोडलंस म्हणून विचारतोय मी!"

"ज्यानं सिदूमामाला मारलं आणि तुम्हाला आत बसवलं, त्याच्या नावानं कुंकू लावायचं? तुम्ही मला विचारलं होतं का, असलं लग्न करशील का म्हणून?"

त्यांनी ओट्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"मग मी आत बसलो कुणासाठी?" ते म्हणाले. "सांग की. कुणासाठी बसलो मी?"

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

सकाळी उजाडल्या उजाडल्या ते उठले, आंघोळ केली, पटका बांधला.

"कुठं निघालात?"

"बायनाकडं. आता कशाची आडकाठी हाय? तिला खरं काय ते सांगतो. मग फौजदाराकडं जातो."

मी त्यांच्या मागोमाग गेले. बायना शेळ्या सोडत होती. आबांना पाहून ती हातातलं दावं धरून तशीच उभी राहिली. आबांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"बायना, त्या दिवशी सिदूला माझी गोळी लागली न्हवती. ती—"

"मला ठाव हाय," बायना म्हणाली.

आबा थांबले.

"त्याच दिशी ठाव झालं मला. शालन सांगून गेली." तिचा आवाज चढला नाही. रोजच्या व्यवहाराचं बोलावं तशी ती बोलत होती. "मी कोर्टात तुझ्या म्होरं बसली व्हती, हवालदार. म्हटलं, आता सांगंल. माझ्याकडं बघून तर सांगंल. तू बघितलंबी न्हाईस. मग म्हटलं, तुरुंगात गेल्यावर सांगंल. वरीस काढलं मी."

"बायना, मला..."

"आज कशापायी आलास? जावई गेला म्हणून?"

तिनं शेवटची शेळी सोडली, कळपाला हाक घातली आणि आमच्या दोघांच्या मधून वाट काढून डोंगराकडे निघून गेली. आबा अनवाणी उभे होते. मी त्यांच्या वहाणा उचलून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. बराच वेळ त्यांना त्या दिसल्याच नाहीत.

फौजदाराकडे ते गेले नाहीत. त्यानंतर आबा बरीच वर्षं जगले. माझ्याच घरात, माझ्या हातचं खाऊन. माझ्याशी लागेल तेवढंच बोलायचे. पण बायनाच्या घराकडून जाणारी ती वाट त्यांनी कायमची सोडली. आमचं शेत त्याच वाटेवर होतं. पुढच्या वर्षी मी ते वाट्यानं लावून टाकलं.